एक लाख एसडीआर: हक्काचे किमान की नुसती पायरी?

जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर पहिल्या आठवड्यातच भरपाईचे आकडे बातम्यांत झळकू लागले. कुठे मृतामागे दीड कोटी, कुठे पावणेदोन कोटींच्या वर. फरक पडला होता तो गुणाकाराच्या आधी. कुणी माँट्रिअल या आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या करारातल्या १,२८,८२१ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) या जुन्या आकड्याला रुपयाच्या दराने गुणलं, कुणी २८ डिसेंबर २०२४ पासून जगभर लागू झालेल्या १,५१,८८० ला. गुणाकार दोघांचेही बरोबर होते. पण ही रक्कम वारसांना आपोआप मिळते हे गृहीतक दोन्हीकडे होतं आणि घोळ तिथेच आहे. या एका गृहीतकावर भारतात २०११ साली न्यायालयात जोरदार वाद झाला आहे. त्याचं मूळ मंगळूरला, बजपेच्या विमानतळाच्या टेकडीवर आहे.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं बोइंग ७३७ सकाळी सहाच्या सुमारास टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले, आठ वाचले. प्रवासी बहुतेक कासरगोड, दक्षिण कन्नड आणि उडुपीकडचे, आखातात नोकरी करणारे आणि त्यांची बायकामुलं. तांत्रिक कारणांवर तेव्हा भरपूर लिहून झालं आहे, इथे भरपाईपुरतं महत्त्वाचं तेवढंच घेतो. चौकशी एका निवृत्त एअर मार्शलच्या (मराठी माणूस, हवाई दलाचे माजी उपप्रमुख) अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज होता. विमान असायला हवं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून खाली येत होतं. सहवैमानिकाने तीनदा उतरणं सोडून पुन्हा वर जायला सांगितलं, तरी विमान उतरवलं गेलं. सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा ५,२०० फूट मागे पडले होते.

म्हणजे हलगर्जी झाली नाही असं म्हणायला कंपनीला जागाच उरली नाही. मग भांडण कशाचं?

भांडण कायद्यातल्या एका वाक्याचं. भारताने १९९९ चा माँट्रिअल करार २००९ मध्ये स्वीकारला आणि १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याला तो परिशिष्ट म्हणून जोडला. मंगळूरचा अपघात त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत झाला. या कायद्याखाली आलेलं आपलं हे पहिलं मोठं प्रकरण, वकिलांनाही नवं. करारात भरपाईचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात कंपनीची चूक असो वा नसो, ती जबाबदार. त्यापुढच्या टप्प्यात आपली चूक नव्हती हे कंपनीने सिद्ध केलं तर ती सुटते, नाही केलं तर वर मर्यादा नाही. दोन टप्प्यांमधली रेघ तेव्हा आपल्या कायद्यात एक लाख एसडीआरवर होती. एसडीआर ही नाणेनिधीची हिशेबाची कागदी एककं. पाच चलनांच्या टोपलीवरून त्यांचा दर ठरतो आणि त्या टोपलीत रुपया नाही. तेव्हाच्या भावाने एक लाखांचे साधारण ७० ते ७५ लाख रुपये होत.

कलम २१ चं ते वाक्य मराठीत आणलं तर असं होतं: प्रत्येक प्रवाशामागे एक लाख एसडीआरपेक्षा जास्त नसलेल्या नुकसानीबाबत वाहकाला आपली जबाबदारी नाकारता किंवा मर्यादित करता येणार नाही. अख्खा वाद ‘पेक्षा जास्त नसलेल्या’ या तीन शब्दांत आहे.

कासरगोड जिल्ह्यातलं एक कुटुंब केरळ उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: नाकारता येत नाही, कमी करता येत नाही, म्हणजे एवढे तरी द्यायलाच हवेत. जुलै २०११ मध्ये एका न्यायमूर्तींच्या पीठाने ते मान्य केलं. मृत कोण होता, किती कमवत होता हे न बघता एक लाख एसडीआर द्या, त्यावरचं काय ते पुराव्याने ठरेल. त्या दिवशी मंगळूर-कासरगोड पट्ट्यात ‘७५ लाख’ हा आकडा रुजला. पुढे निकाल फिरला, आकडा मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही.

कारण कंपनी अपिलात गेली आणि त्याच वर्षी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो निकाल रद्द केला. आपल्या वाण्याच्या भाषेत सांगायचं तर, उधारी आहे हे मान्य, पण किती ते वही उघडून दाखवा. चूक सिद्ध करायची गरज नाही, नुकसान मात्र सिद्ध करावं लागेल. ते ४० लाख भरलं तर ४० लाख, दीड कोटी भरलं तर दीड कोटी. एक लाख एसडीआर ही दोन टप्प्यांमधली पायरी आहे, तळाची फरशी नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण समोरासमोर बसून होणाऱ्या तडजोडींवर खंडपीठाच्या निकालाचा परिणाम व्हायचा तो झाला.

शब्दांवर बोट ठेवून वाचलं तर मला खंडपीठाचं वाचनच बरोबर वाटतं. कराराच्या प्रास्ताविकेत ग्राहकहिताचा उल्लेख आहे, पण त्याच वाक्यात झालेल्या नुकसानीइतकी भरपाई हे तत्त्वही आहे. तरीही पहिल्या निकालाला निव्वळ भावनेचा निकाल म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. समजा, २४ वर्षांचा अविवाहित मुलगा, महिना २५ हजार कमाई. मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी २००९ पासून रुळलेलं कोष्टक घ्या. वर्षाचे तीन लाख. अविवाहित म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, उरले दीड लाख. वयानुसार गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १८. उत्तर २७ लाख. थोडी पगारवाढ धरली तरी ७५ लाखांच्या जवळपासही पोचत नाही. आता त्याच रांगेत बसलेली गृहिणी घ्या, तिच्या मांडीवरचं मूल घ्या. हलगर्जी सिद्ध झाल्यामुळे वरची मर्यादा उडाली खरी, पण त्याचा फायदा ज्याचं नुकसान रेघेच्या वर जातं त्यालाच. किमान रक्कम ज्यांना हवी होती ते सगळे रेघेच्या खालचे होते.

वरच्यांचं काय झालं ते २०२० मध्ये दिसलं. आखातातल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या ४५ वर्षांच्या प्रवाशाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने ७ कोटी ६४ लाख आणि न दिलेल्या रकमेवर नऊ टक्के व्याज मंजूर केलं. विमानकंपनीचा युक्तिवाद पगाराच्या स्लिपवर होता: हा भत्ता धरू नका, तो भत्ता धरू नका. न्यायालयाने म्हटलं की पगाराचे तुकडे मालक आपल्या सोयीने पाडतो, मृत्यूच्या दाव्यात माणसाला एकूण मिळत काय होतं ते बघायचं. निकाल चांगलाच आहे. फक्त तो यायला दहा वर्षं लागली आणि तोवर बहुतेक कुटुंबांनी ‘यापुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर सह्या करून पैसे घेतले होते.

याआधीचा इतिहास मोठा आहे, पण आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग थोडाच. १९२९ च्या वॉर्सा करारात भरपाईला वरून झाकण होतं, सोन्याच्या फ्रँकमध्ये मोजलेलं. १९५५ मध्ये हेगला ते दुप्पट झालं. तेव्हा ‘मर्यादा’ म्हणजे खरोखर मर्यादा होती, आणि माँट्रिअलच्या रेघेलाही लोक मर्यादा म्हणतात ती त्या काळची सवय. झाकणाच्या वरचे पैसे हवे असतील तर विमानकंपनी सोडून दुसरा कुणीतरी शोधावा लागे. १ जानेवारी १९७८ ला वांद्र्याच्या समुद्रात जम्बो कोसळून २१३ जण गेले, तेव्हा वारस विमान आणि त्याची उपकरणं बनवणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत सिएटलला गेले. १९८५ मध्ये तो दावा फेटाळला गेला. देशातल्या देशात उडणाऱ्यांची कथा त्याहून वाईट. मंगळूरच्या वेळीही देशांतर्गत प्रवाशाची कमाल साडेसात लाख होती. तेच विमान मुंबईहून निघालं असतं तर वरचे सगळे परिच्छेद लिहावेच लागले नसते.

मंगळूरनंतर दोन गोष्टी घडल्या. रेघ जगात वर सरकली तरी आपल्या परिशिष्टात ती एक लाखावरच अडकली होती, कारण बदलायला संसदेत जावं लागे. २०१६ च्या दुरुस्तीने तो अधिकार सरकारकडे आला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला तशाच टेबलटॉप धावपट्टीवरून तसंच ७३७ घसरलं, २१ जण गेले. त्या विमानाचा कप्तान हवाई दलातून आलेला, नागपूरच्या घरातला. कोळिकोडच्या प्रवाशांसाठी जाहीर झालेली अंतरिम मदत बघा: बारा वर्षांवरच्या मृतामागे दहा लाख, बारा वर्षांखालच्यामागे पाच लाख. मंगळूरलाही हेच आकडे होते. दहा वर्षांत महागाई सगळीकडे पोचली, इथे नाही.

अहमदाबादला अंतरिम रक्कम २५ लाख झाली आणि कंपनीच्या मालक उद्योगसमूहाने वेगळे एक कोटी जाहीर केले. हे एक कोटी स्वेच्छेचे आहेत, करारातले नाहीत, हे अजूनही अनेक बातम्यांत एकत्र कालवलं जातं. २६० मृतांपैकी १९ जण विमानात नव्हतेच, खाली होते. माँट्रिअल फक्त प्रवाशांसाठी आहे, खालच्यांसाठी साधा दिवाणी कायदा. विमानातले कर्मचारीही करारात येत नाहीत, आणि त्यातले बरेच मुंबई-ठाण्याच्या परिसरातले होते. त्यांचा हिशेब नोकरीच्या अटी आणि कर्मचारी भरपाईच्या कायद्याने होतो. ज्याचं कायम वास्तव्य ब्रिटनमध्ये होतं त्याचे वारस तिथल्या न्यायालयात जाऊ शकतात आणि तिथली मोजणी वेगळी. शेजारच्या खुर्चीवरच्या आणंदच्या माणसाचा हिशेब रुपयांत, गुणकाच्या कोष्टकाने.

जुलै २०२५ मध्ये कुटुंबांकडून आर्थिक अवलंबित्वाची माहिती मागणाऱ्या एका प्रश्नावलीवरून आरोप झाले. कंपनीने ते फेटाळले, ही माहिती अंतरिम रक्कम योग्य माणसाला मिळावी म्हणून घेतली असं सांगितलं. मंगळूर माहीत असलेल्याला त्या प्रश्नांचा अर्थ लगेच कळतो. किमान आकडा नाही असं एकदा ठरलं की कोण कुणावर किती अवलंबून होतं यावरच सगळं येऊन थांबतं, आणि म्हणून वकील सांगतात की सही करण्याआधी कागद दाखवा.

आणि एक तारीख. करारातल्या दाव्याची मुदत विमान ज्या दिवशी पोचायचं होतं त्या दिवसापासून दोन वर्षं. अहमदाबादहून निघालेलं विमान लंडनला १२ जून २०२५ ला पोचायचं होतं.