फाइलच्या नावात प्रोसेस नंबर घातला की झालं?

महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत नव्या पोरांना अजूनही सांगतात: तात्पुरत्या फाइलच्या नावाला प्रोसेस नंबर (चालू प्रोग्रामला सिस्टिम देते तो क्रमांक) जोडा, कुणाला ओळखता येणार नाही. साफ चूक. लिनक्समध्ये या नंबरांची मूळ मर्यादा 32768. तेवढ्या नावांच्या सिमलिंक (दुसऱ्याच फाइलकडे नेणाऱ्या खुणा) आधीच टाकून ठेवणं म्हणजे दोन ओळींची स्क्रिप्ट. मग रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, प्रोग्राम बिचारा आपली फाइल समजून लिंकमागची भलतीच फाइल पुसतो. टेम्प फोल्डरवरची ‘स्टिकी बिट’ ही परवानगीची खूण दुसऱ्याची फाइल उडवू देत नाही, नवी लिंक टाकायला मात्र अडवत नाही.

तपासायचं तर प्रोग्राम एसट्रेसखाली (प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय मागतो ते दाखवणारं साधन) चालवा. सामाईक टेम्प फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल ‘ओ_क्रिएट’ने (नसेल तर बनव) उघडतेय, पण सोबत ‘ओ_एक्सक्ल’ (आधीच असेल तर नकार दे) नाही? सापडला दोष. त्या नावाची सिमलिंक स्वतः लावूनही बघा. पण बऱ्याच लिनक्समध्ये कर्नलच अशा लिंकमागे जाणं अडवतं, म्हणून टेस्ट मशीनवर त्याची ‘प्रोटेक्टेड सिमलिंक्स’ ही सेटिंग आधी बंद करा, नाहीतर सदोष प्रोग्रामही पास होतो. दुरुस्ती: एमकेस्टेम्प, म्हणजे ओळखता न येणाऱ्या नावाची नवीच फाइल बनवणारं तयार फंक्शन.