खण अडतो तो जोर कमी पडतो म्हणून नाही

गणपतीला आठ दिवस उरले की आमच्याकडे झांजा, समया आणि आराशीचं बोचकं खालच्या खणातून काढायचं असतं. एरवी मुकाट सरकणारा तो खण नेमका तेव्हाच अडून बसतो. मग एक जण कपाट धरतो, दुसरा मूठ ओढतो आणि तिसरा लांबूनच म्हणतो, "अरे, जरा जोर लाव की!" आजोबांनी गिरगावात करून घेतलेलं हे चार खणांचं सागवानी कपाट आता बोरिवलीत पाचव्या मजल्यावर आलंय, पण खोड तीच. दोन वर्षांपूर्वी त्याची डागडुजी मनावर घेतली, तेव्हा कळलं की जोर लावणं हाच त्यातला सगळ्यात वाया जाणारा उपाय.

आधी लाकडाबद्दल. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. मुंबईत फेब्रुवारीत सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या घरात असते, जुलै-ऑगस्टमध्ये ८५च्या आसपास. एवढ्या फरकाने लाकडात मुरलेलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर जातं. पण लाकूड सगळीकडून सारखं फुगत नाही. तंतूंच्या दिशेत, म्हणजे फळीच्या लांबीत, ते जवळजवळ जैसे थे राहतं. फुगतं ते आडव्या अंगाने. सागासारखं गुणी लाकूडही २० सेंटिमीटरच्या फळीला दोन मिलिमीटरच्या वर वाढू शकतं, आणि सुतार खणाच्या वर मोकळी जागा सोडतो ती साधारण तेवढीच.

खणाच्या फळ्यांचे तंतू आडवे धावतात. म्हणजे पावसाळ्यात खण रुंद होत नाही, उंच होतो. हे माहीत नसल्यामुळे आमच्या खणांच्या बाजू पूर्वी कुणीतरी छान घासून ठेवल्या होत्या, त्यामुळे ते डगडगायला लागले ते वेगळंच! रंधा मारायचा तर बाजूच्या फळ्यांच्या वरच्या कडेवर. आधी तिथे खडू घासायचा आणि खण आतबाहेर करायचा. जिथला खडू पुसला जाईल, तेवढंच काढायचं. जुलैत खण जेमतेम सरकेल इतकंच काढावं, कारण थंडीत ती फट आपोआप वाढणार असते. आतून लाखेचं पॉलिश दिलं तर ओल शिरण्याचा वेग कमी होतो, थांबत मात्र नाही.

फुगवटा नसतानाही खण अडतो, ती भानगड मात्र निराळी आणि जास्त मजेची. रुंद खणाला दोन मुठी असतात आणि आपण घाईत एकच ओढतो. खण किंचित तिरपा होतो. त्याचा मागचा एक कोपरा कपाटाच्या एका बाजूवर टेकतो आणि दुसऱ्या बाजूला कपाटाची पुढची कड त्याला दाबते, पाचर बसावी तसा. तुम्ही जितकं जोरात ओढाल तितका हा दाब वाढतो, आणि दाबाबरोबर घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. गणित मांडलं तर जोर दोन्हीकडून कटून जातो. उरतात फक्त तीन गोष्टी: मूठ मध्यापासून किती दूर आहे, खण अजून किती आत आहे आणि घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना किती अडतात तो आकडा, किती आहे. आत राहिलेली लांबी ही मुठीचं मध्यापासूनचं अंतर गुणिले घर्षणांकाच्या दुपटीहून कमी झाली, की खण अडणारच. लाकडावर लाकूड घासताना घर्षणांक ०.५ धरू. मूठ मध्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल, तर खण २५ सेंटिमीटर आत असतानाच अडतो. मग पैलवान आणला तरी तेच.

म्हणून आम्ही दोन्ही मुठी काढून मधोमध एकच लांब हँडल बसवलं. शंभर-दोनशे रुपयांत झालेला यापेक्षा उपयोगी बदल मला तरी माहीत नाही. दुसरा उपाय मेणबत्तीचा. सरकपट्ट्यांवर आणि खणाच्या बाजूंवर ती घासली की घर्षणांक ०.२ पर्यंत खाली येतो आणि मध्यापासून २५ सेंटिमीटरवरची ती एकच मूठ ओढली तरी खण १० सेंटिमीटर आत उरेपर्यंत सुखाने येतो. तेल लावू नये, ते लाकडात मुरतं आणि धूळ धरतं. साबण चालतो, पण तो ओल ओढतो. कॅरमची पावडर म्हणजे बोरिक ॲसिड. त्याचे रेणू पापुद्र्यांसारखे एकमेकांवर घसरतात, म्हणून सोंगटी पळते. ती खणातही काम करेल आणि वर झुरळंही मारेल, पण कपड्यांच्या खणात मी टाकणार नाही. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, हा थेट इलाज आहे, फक्त त्याला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणजे जुना खण कापून अरुंद करावा लागतो. आजोबांच्या सागाला करवत लावायचा धीर मला झाला नाही.

खालच्या खणाचा तळ पितळेच्या वजनाने पोटासारखा सुटला होता. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून ४ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटरची प्लाय टाकली की तो तिपटीहून जास्त होतो.

राहिला कुबट वास. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या खणात टाकण्याची सवय मला गमतीची वाटते. पाच किलो सुती कपड्यांत नेहमीच्या हवेतच ४०० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं आणि पावसाळ्यात आणखी वाढतं. तिथे पाच ग्रॅमची पुडी काय करणार? तिची जागा घट्ट झाकणाच्या डब्यात, कागदपत्रांबरोबर. डांबरगोळ्या तर ओल शोषतच नाहीत. बुरशी धरते ती हवा कोंडते तिथे, म्हणून कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढलं आणि पाठीच्या प्लायला भोकं पाडून आतून जाळी लावली.

खण सहज सरकायला लागले की एक नवा धोका उभा राहतो. सगळे खण एकदम उघडले की वजन पुढे येतं, आणि लहान मुलांना उघडे खण पायऱ्यांसारखे दिसतात. अशी कपाटं अंगावर पडून मुलं दगावल्यावर २०१६ साली आयकियाने अमेरिकेत सुमारे २.९ कोटी कपाटं परत बोलावली होती. जड सामान खाली ठेवावं आणि कपाटाच्या वरच्या कडेला एल क्लिप (काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी) लावून ते भिंतीत बांधावं. आमचं कपाट दोन इंच पुढे आलेलं, म्हणून मध्ये लाकडाचा ठोकळा घातला, आणि प्लास्टर इतकं जाड निघालं की स्क्रू बदलायला पुन्हा हार्डवेअरच्या दुकानात जावं लागलं.