सुई कुणाच्या हातात? आशाताईच्या गृहभेटीची पार्श्वभूमी

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की 3ऱ्या दिवशी आशाताई दारात हजर होते. पुढे 7व्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी पुन्हा. बाळाचं वजन करते, काखेत तापमापी लावते, कपडा बाजूला सारून श्वास मोजते. आईला दूध उतरतंय का, अंगावरून किती जातंय, ते विचारते. 2011पासून हे काम देशभर सरकारी कार्यक्रम म्हणून चालतं. त्याच्या मुळाशी मात्र महाराष्ट्रातल्याच दोन दुर्लक्षित मुलखांत संस्थांनी केलेलं काम आहे. डॉक्टरांनी आपल्या हातातलं काय काय खेड्यातल्या बायकांच्या हाती द्यायचं, हा त्या सगळ्या वाटचालीतला खरा वादाचा मुद्दा.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970मध्ये आले. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्याचा हा दुष्काळी तालुका. थोड्याच दिवसांत 1972चा दुष्काळ आला. त्यांनी आधी रूढ मार्गानंच जायचं ठरवलं, म्हणजे प्रशिक्षित नर्सबाई गावात ठेवायची. ते जमेना. बाहेरून आलेली मुलगी गावात एकटी राहायला बिचकायची आणि गावही तिचं ऐकायचं नाही. मग गावानंच आपली एक बाई निवडून द्यायची, असं ठरलं. निवडल्या गेल्या त्यांतल्या कितीतरी निरक्षर, दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला शिकायला यायच्या आणि रात्री तिथंच मुक्काम करायच्या. जातीचा विटाळ मोडावा म्हणून एका मोठ्या पांघरुणाखाली सगळ्याजणी एकत्र झोपायच्या. गरोदर बाई कशी तपासायची, बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, अतिसारात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. पुरुषांना एकत्र आणायला आरोळ्यांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. संध्याकाळी खेळ आणि खेळानंतर गप्पा, त्यातून पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली. आरोग्याचं काम व्हॉलीबॉलच्या जाळीपासून सुरू होतं हे कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नसावेत. आरोळे दांपत्याला 1979मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीची गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986मध्ये तिथं गेले आणि ‘सर्च’ ही संस्था उभारली. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. चंद्रपूरमधून तो 1982मध्ये वेगळा झाला. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी एवढंच सरकारदरबारी धरलं जायचं. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या; त्यांत वयात आलेल्या अविवाहित मुलीही होत्या. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. 1989मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीतलं दुखणं हे बायका ‘बाईच्या जातीचे भोग’ म्हणून निमूट सोसत होत्या. ते प्रथमच आकड्यांत मांडलं गेलं.

तरुणांसाठीच्या कामाची वाटही याच मुद्द्यावरून जाते. शरीराबद्दल धड बोलणारं घरात कुणी नाही आणि शाळेत तो धडा गाळून पुढं जायचा, अशा मुलामुलींसाठी राणीताईंनी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. 2006पासून ‘निर्माण’ हा युवा उपक्रम आला. त्यात भर आहे तो शिकून झाल्यावर काय करायचं, कुणासाठी करायचं, या प्रश्नावर.

पण मला सगळ्यात भावतं ते एक साधंसं यंत्र. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे मिनिटाचे श्वास मोजायला हवेत, आणि दाईला साठपर्यंत मोजता येत नाही. यावर तोडगा म्हणून ‘सर्च’नं मण्यांची पाटी बनवली. तिला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वरच्या रांगेत दहा मणी. दर श्वासाला एक सरकवायचा, दहा झाले की खालचा एक. वाळू संपायच्या आत खालचा लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाची रांग वेगळी, मोठ्याची वेगळी. अंक न येणाऱ्या बाईनं अचूक निदान करावं, एवढंच त्या पाटीचं काम.

यापुढचं पाऊल अवघड होतं. मरणाऱ्या बाळांत पहिल्या महिन्यातलीच पुष्कळ, आणि बाळंतपणं जवळपास सगळी घरी. आईनं महिनाभर बाळाला घराबाहेर काढायचं नाही अशी रीत, मग दवाखान्यात कोण नेणार? म्हणून 1995पासून 39 गावांत आरोग्यदूत, म्हणजे शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायका, नेमल्या. घरी जाऊन त्या गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायच्या, कमी वजनाच्या बाळाला उबदार ठेवायच्या आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली की जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. डॉक्टर मंडळींना हे पचायला जड गेलं. तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर हजारी 62वरून 26वर आला. शेजारच्या 47 गावांत अशी घट नव्हती. 1999मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यानंतर 2001मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला, त्यात सरकारी नोंदींतून किती बालमृत्यू निसटतात ते दाखवलं होतं आणि विधिमंडळात खळबळ उडाली. 2005मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात आशा. 2009मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजातासाठी गृहभेटींची शिफारस केली.

राष्ट्रीय कार्यक्रमात वजनकाटा, तापमापी, भेटींचे दिवस सगळं आलं. इंजेक्शन मात्र आलं नाही. आशाताईनं धोका ओळखायचा आणि बाळाला पुढं पाठवायचं. रस्ता आणि गाडी आहे तिथं हे ठीक, पण पावसाळ्यात नदी भरली की गडचिरोलीतली कितीतरी गावं आजही तुटतात. भेटींचा संच पूर्ण केल्याबद्दल 250 रुपये असा दर ठरला, आणि वाढीव मोबदल्यासाठी 2023मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या.