कर्जाची गाडी परदेशात: हप्ते भरले म्हणजे झाले?

‘हप्ते वेळेवर जात असले की गाडी कुठेही न्या, बँकेला काय त्याचे?’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याचे मोठे नुकसान होऊ शकते.

कर्ज फिटेपर्यंत गाडी हे बँकेचे तारण असते. हप्ता थकला तर ती जप्त करता यावी, हा तारणाचा सगळा अर्थ. गाडी सीमेपार गेली की तो हक्क बजावणे फार अवघड होते, म्हणूनच बहुतेक करारांत लेखी परवानगीची अट असते. ती मोडली तर, हप्ते चुकले नसले तरी, बँक उरलेली सगळी रक्कम एकदम मागू शकते. अमेरिकेत तर वापरलेली गाडी जहाजावर चढण्याच्या किमान 72 तास आधी कस्टम्सला मालकीची कागदपत्रे द्यावी लागतात; कर्ज बाकी असेल तर बँकेचे संमतिपत्रही लागते.

परवानगी मिळालीच, तरी विमा आणि आयातकर वेगळे पाहावे लागतात. माझ्या मते, गाडी पाठवण्याचे जहाजभाडे ठरवण्याआधी बँकेकडून कर्जफेडीची नेमकी रक्कम लेखी मागवा. पुष्कळदा गाडी विकून कर्ज मिटवणेच स्वस्त पडते.