पाणवठ्यामागची बोअरवेल : आफ्रिकेतल्या लाइव्ह कॅमेऱ्यांची पार्श्वभूमी

वेबकॅमवर दिसणारा आफ्रिकेतला पाणवठा पुष्कळदा माणसाने घडवलेला असतो. शेजारी कुठेतरी बोअरवेल आणि सौर किंवा डिझेल पंप असतो. हे ठाऊक नसेल तर समोरचं दृश्य निम्मंच कळतं.

जनावरांच्या मागे न फिरता पाण्यापाशी त्यांची वाट पाहायची, ही पद्धत कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे. केनियात अबरडेअरच्या जंगलात १९३२ साली ‘ट्रीटॉप्स’ हे झाडावरचं हॉटेल उभं राहिलं. पाहुणे वर बसायचे आणि खालच्या पाण्यावर हत्ती-गेंडे यायचे. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून होणाऱ्या प्राणीगणनेचं तत्त्वही तेच. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात तर बारमाही नदीच नाही. पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी तिथे बोअरवेल घेऊन पाणी उपलब्ध केलं. कोरड्या महिन्यांत तिथल्या हत्तींची मदार आजही पंपांवर आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातही दुष्काळावर उपाय म्हणून १९३०च्या दशकापासून शेकडो बोअरवेल खणल्या गेल्या. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. उत्तरेच्या कोरड्या भागात पाणी मिळू लागताच झेब्रे आणि विल्डेबीस्ट तिकडे सरकले आणि त्यांच्यामागे सिंह गेले. उंच गवतावर जगणारी रोन कुरंगं आधीच दुष्काळाने बेजार होती, त्यात गवताला हे नवे वाटेकरी आणि मागावर सिंह आले. १९८६ मध्ये ती सुमारे ४५० होती, १९९३ पर्यंत ४५च्या आसपास उरली. त्यानंतर अनेक कृत्रिम पाणवठे बंद करण्यात आले. त्यामुळे पाणवठ्यावरची गर्दी म्हणजे जंगलाची भरभराट, असा अर्थ काढायची घाई नको.

कॅमेरा आला तो १९९८ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतल्या ‘आफ्रिकॅम’ या संकेतस्थळामुळे. डायल-अपच्या त्या काळात व्हिडिओ नव्हता, काही वेळाने बदलणारी स्थिर चित्रं होती. जनावर दोन चित्रांच्या मधल्या वेळात येऊन गेलं की कुणाला दिसायचंच नाही. पुढे अखंड प्रक्षेपण आणि दुरून वळवता येणारे कॅमेरे आले.

रात्रीचं दृश्य इन्फ्रारेड दिव्यांवर चालतं, म्हणून ते कृष्णधवल असतं. दिव्यांकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी भिंगासमोरच जाळं विणतो. ते जाळं प्रकाशात पांढरंफटक चमकतं, कॅमेऱ्याचा फोकस त्यावरच अडकतो आणि मागचा बिबट्या धूसर होतो. कुणी जाऊन भिंग पुसेपर्यंत इलाज नसतो. हत्तींनी केबल उपटू नये म्हणून ती पुरावी लागते.

पाहायला सर्वांत चांगला काळ मे ते ऑक्टोबर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा कोरडा हंगाम. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने जुलैत क्रुगर भागातला सूर्यास्त आपल्याकडे रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो. जानेवारीत पाणवठा ओस दिसला तर बहुधा पाऊस चांगला झालेला असतो. डबकी जागोजागी भरल्यावर जनावरांना एवढ्या लांब येण्याची गरज उरत नाही.