परसबागेतील मित्रकीटक (नागपूर)

मित्रकीटक : झाडांवरील किडींना खाणारे, किंवा त्यांच्या अंगात वा अंड्यांत वाढून त्यांना संपवणारे कीटक. खाणाऱ्यांना परभक्षी आणि आत वाढणाऱ्यांना परोपजीवी म्हणतात. नागपुरात त्यांचा अभ्यास झाला तो मुख्यतः कापूस आणि संत्र्यासाठी. केंद्रीय कापूस संशोधन संस्था (स्थापना १९७६) आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोन्ही याच शहरातल्या. पण जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, लिंबावरची सिट्रस सिला या किडी शेतातल्याच असल्याने तिथले ज्ञान घरच्या बागेलाही चालते.

थंडीत वाल, मोहरी, गुलाबाच्या कळ्या माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरतात. पाठोपाठ ढालकिडे येतात. लाल-नारिंगी पाठीचा प्रौढ सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची अळी मात्र कीड समजून चिरडली जाते. ती काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिलासारखी दिसते आणि मावा खाण्यात प्रौढाला हार जात नाही. क्रिप्टोलेमस या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याच्या बाबतीत गफलत आणखी सोपी. १८९८ मध्ये भारतात आणलेल्या या भुंग्याची अळी पांढऱ्या मेणचट धाग्यांनी झाकलेली असते, म्हणजे ज्या पिठ्या ढेकणाला ती खाते, हुबेहूब त्याच्यासारखीच. काडीने डिवचून पाहावे : अळी झपाट्याने पळते, ढेकूण जेमतेम सरकतो. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या परभक्षी कीटकाची अंडी पानाला केसासारख्या बारीक देठांवर टांगलेली असतात. ती बुरशी समजून पुसू नयेत.

परोपजीवी गांधीलमाश्या इतक्या लहान की त्यांचे कामच दिसते, त्या दिसत नाहीत. फुगून तपकिरी पडलेला मावा आणि त्याच्या पाठीवरचे गोल भोक ही त्यांची खूण. २००५-०६ च्या सुमारास कापसावर पसरलेल्या पिठ्या ढेकणाला एनेशियस या माशीने मोठा आळा घातला. तिला कोणी मुद्दाम आणले नव्हते. ती आपसूक आली. पपईवरील पिठ्या ढेकणासाठी मात्र असेरोफॅगस ही माशी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणवावी लागली.

बाजारात मिळणारे ट्रायकोकार्ड म्हणजे तांदळावरील पतंगाची अंडी चिकटवलेला कागद. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा माशी वाढत असते. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला, शक्यतो संध्याकाळी, टाचतात. ही माशी पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवरच चालते. माव्यासाठी कार्ड लावणे म्हणजे पैसे पाण्यात. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, कार्ड लावण्यातही अर्थ नाही.

घरगुती बागेपुरते बोलायचे तर विकत आणण्यापेक्षा आहेत त्यांना टिकवणे जास्त फायद्याचे. त्यासाठी थोडा मावा सहन करावाच लागतो. खायलाच नसेल तर ढालकिडा थांबेल कशाला? कडेने चवळी लावली तर तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि मग शेजारच्या भाजीवर उतरतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांचे काही ताटवे फुलावर येऊ द्यावेत. त्यांच्या बारीक फुलांतला मकरंद आणि पराग सिरफिड माशी (हिच्या अळ्या मावा खातात) व परोपजीवी माश्यांना लागतो. उन्हाळ्यात ओलसर पालापाचोळा आणि सावलीचा एखादा कोपरा राखल्यास बरेच कीटक तग धरतात.

मुंग्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. खोडाभोवती चिकट पट्टा गुंडाळून त्यांची वाट अडवली तरी पिठ्या ढेकूण कमी होताना दिसतो. फांद्या जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या असतील तर पट्ट्याचा उपयोग होत नाही. मुंग्या तिकडून चढतात.

फवारणी करायचीच तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क, तोही कीड असलेल्या फांदीपुरता. सर्वनाशी कीटकनाशकांनी मित्रकीटक किडीपेक्षा आधी मरतात. कीड आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा वाढते. तिला खाणारे परतायला मात्र बराच वेळ घेतात. कोळीमाइट आणि पांढरी माशी फवारणीनंतर उसळतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.