मेश धारा आणि शाखा धारा: मांडायची कोणती, मोजायची कोणती

मेश पद्धतीने परिपथ सोडवताना समीकरणे बिनचूक मांडायची, ती बिनचूक सोडवायची आणि तरीही उत्तर चुकवायचे, हा प्रकार विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये नेहमी आढळतो. अशा वेळी बीजगणितात काहीच दोष नसतो. शेवटच्या पायरीवर, हाती आलेली मेश धारा हीच रोधकातून वाहणारी धारा आहे असे धरले जाते, आणि तेथे घोटाळा होतो. मेश धारा आणि शाखा धारा या दोन्ही अँपिअरमध्येच मोजल्या जातात, आकृतीवर दोन्ही बाणानेच दाखवल्या जातात आणि काही शाखांमध्ये त्यांची किंमतही एकच येते; त्यामुळे दोहोंची गल्लत होणे स्वाभाविक आहे.

तीन किंवा अधिक तारा जेथे एकत्र मिळतात तो बिंदू म्हणजे नोड. दोन नोडना जोडणारा परिपथाचा सलग भाग म्हणजे शाखा, आणि त्या भागातून प्रत्यक्ष वाहते ती शाखा धारा. ती शाखा तोडून मध्ये अँमीटर एकसर जोडला, तर काटा हीच धारा दाखवतो. मेश म्हणजे ज्याच्या पोटात दुसरी शाखा येत नाही असा बंद फेरा, खिडकीच्या एकेका तावदानासारखा. त्या तावदानाच्या कडेकडेने एकच धारा अखंड फिरते आहे असे आपण मानतो, तिला मेश धारा म्हणतात. ही मानलेली धारा असल्यामुळे दोन तावदानांमधील सामाईक शाखेत ती एकटी मोजता येत नाही.

एक छोटा परिपथ घेऊ. वरचा नोड आणि खालचा नोड यांच्या दरम्यान तीन उभ्या शाखा आहेत. डावीकडच्या शाखेत १४ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोधक एकसर जोडलेले आहेत, मधल्या शाखेत फक्त ४ ओहमचा रोधक आहे, आणि उजवीकडच्या शाखेत ६ ओहमचा रोधक व २ व्होल्टची बॅटरी आहे. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके वरच्या नोडच्या बाजूला आहेत. शाखा धारा घेऊन सोडवायचे तर अज्ञात राशी तीन होतात. किरचॉफच्या पहिल्या नियमाचे (नोडमध्ये जितकी धारा शिरते तितकीच बाहेर पडते) एक समीकरण वरच्या नोडपाशी आणि दुसऱ्या नियमाची (बंद फेऱ्यातील सर्व विभवांतरांची चिन्हांसह बेरीज शून्य असते) दोन समीकरणे फेऱ्यांसाठी मांडावी लागतात. हे दोन्ही नियम किरचॉफने १८४५ मध्ये मांडले आणि पद्धत कोणतीही घेतली तरी आधार त्यांचाच असतो.

मेश पद्धतीत डाव्या मेशची धारा क आणि उजव्या मेशची धारा ख, दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अशा दोनच अज्ञात राशी उरतात. समीकरणे अशी होतात:

६क − ४ख = १४
−४क + १०ख = −२

यातून क = ३ अँपिअर आणि ख = १ अँपिअर मिळते. पहिल्या नियमाचे समीकरण वेगळे का लिहावे लागले नाही? कारण मेश धारा प्रत्येक नोडमध्ये जितकी शिरते तितकीच बाहेर पडते, म्हणजे तो नियम तिच्या व्याख्येतच पाळला गेलेला असतो. समीकरणांची संख्या घटण्याचे खरे कारण एवढेच आहे.

आता मधला रोधक पाहू. त्यातून क खाली जाते आणि ख वर येते, म्हणून तेथील शाखा धारा ३ − १ = २ अँपिअर, खालच्या दिशेने. याच ठिकाणी घाईने ३ किंवा १ लिहिले जाते. ज्यांना दोन्ही धारा दिसतात पण दिशा दिसत नाहीत ते ४ लिहितात. पडताळा शक्तीने घ्यावा, तो कोणालाही फसू देत नाही. मोठी बॅटरी १४ × ३ = ४२ वॅट देते. तीन रोधकांत अनुक्रमे १८, १६ आणि ६ वॅट खर्च होतात, आणि लहान बॅटरीच्या धन टोकातून १ अँपिअर आत जात असल्यामुळे ती २ वॅट शोषून घेते. बेरीज नेमकी ४२ येते. मधल्या रोधकासाठी मात्र दोन मेश धारांची शक्ती वेगवेगळी काढून मिळवली, तर ३६ आणि ४ मिळून ४० वॅट होतात आणि एकूण खर्च ६६ वर जातो. बॅटरी देते त्याहून अधिक खर्च होणे शक्य नाही.

दोन्ही धारांमधील फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो आकृती बदलल्यावर, आणि हा प्रयोग प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा असे मला वाटते. त्याच दोन नोडमधील त्याच तीन शाखा वेगळ्या क्रमाने काढा: ४ ओहमची शाखा डावीकडे, मोठ्या बॅटरीची शाखा मध्ये, तिसरी होती तेथेच उजवीकडे. विद्युतदृष्ट्या काहीही बदललेले नाही. अँमीटर आधीप्रमाणेच ३, २ आणि १ अँपिअर दाखवतील. मेश धारा मात्र आता −२ आणि १ येतात. मोठ्या बॅटरीतून वर जाणारी ३ अँपिअर धारा कोणत्याच मेशच्या वाट्याला एकटी येत नाही, ती १ − (−२) अशी वजाबाकीतून काढावी लागते. कडेच्या शाखेत मेश धारा आणि शाखा धारा यांचे परिमाण सारखे असते खरे, पण कड कोणती हे आपण आकृती कशी काढली यावर ठरते. ऋण चिन्हाचेही तसेच आहे: मानलेल्या दिशेच्या उलट धारा आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि ते पाहून मध्येच बाण फिरवण्याचा मोह टाळावा.

दोन मेशच्या सामाईक शाखेत आदर्श धारास्रोत, म्हणजे काहीही जोडले तरी ठरलेलीच धारा देणारा स्रोत, असेल तर हा भेद समीकरणातच उतरतो. स्रोत शाखा धारा ठरवून देतो, मेश धारा नाही. म्हणून केवळ दोन मेश धारांमधील फरक कळतो. त्या स्रोतावरील विभवांतर अज्ञात असल्यामुळे त्याला वळसा घालून दोन्ही मेशचा मिळून एक फेरा घ्यावा लागतो, त्यालाच सुपरमेश म्हणतात. तोच स्रोत कडेच्या शाखेत असता, तर तेथील मेश धारा थेट मिळाली असती आणि एक समीकरण वाचले असते.

मेश आकृतीवर अवलंबून असल्यामुळे, तारा एकमेकींवरून न नेता कागदावर काढता येत नाही अशा परिपथात मेश ठरवताच येत नाहीत. पाच नोडपैकी प्रत्येक नोड उरलेल्या चारही नोडना थेट जोडलेला असेल, तर असा परिपथ तयार होतो: शाखा १०, आणि तावदाने सांगता येत नाहीत. तेथे १० − ५ + १ = ६ स्वतंत्र फेरे आपल्या सोयीने निवडून त्यांच्या लूप धारा, म्हणजे त्या फेऱ्यांतून फिरणाऱ्या मानलेल्या धारा, मांडतात. फेरे निवडणारा बदलला की त्या सहा किंमतीही बदलू शकतात. दहा शाखांतील दहा धारा मात्र आहेत तशाच राहतात.